दांडी कुणाकडे होती

१२ जानेवारी

प्रिय चिऊ,

तुझं पत्र पोचलं. आधी तुझ्या नव्या खोलीचं वर्णन, मग आईच्या गुडघ्यांची चौकशी, मग तिकडच्या थंडीचं कौतुक, आणि शेवटच्या पानाच्या अगदी तळाशी, सहीच्या जरा वर, खरं काम. ताकाला जाऊन भांडं लपवायची तुझी सवय लहानपणापासूनची आहे. माझा फ्रॉक हवा असला की आधी माझे पाय चेपायला बसायचीस.

काम मला कळलं. तुमच्या त्या मोठ्या विज्ञान संग्रहालयात तुला कायम करायचं घाटतंय. विजेचा खेळ तुझ्या एकटीच्या हाती देणार आहेत, आणि त्याआधी तुझ्याबरोबर काम केलेल्या माणसाचं मत त्यांना हवं आहे. इथल्या विज्ञान केंद्रात विजेच्या गोळ्यापाशी तुझ्याबरोबर मी सोडून कुणीच उभं राहिलेलं नाही, तेव्हा मत द्यायचं तर मीच. "ताई, एवढं कर. चांगल्या ओळी लिही. तुझ्या शब्दाला ते मान देतील," असं तू लिहिलं आहेस.

त्यांचंही पत्र आलंय. तुझ्यापेक्षा ते बरे, पहिल्याच परिच्छेदात विचारतात: प्रेक्षक स्टुलावर उभा असताना या व्यक्तीवर निर्धास्तपणे विसंबता येईल का? मी अजून उत्तर दिलेलं नाही.

इथला खेळ कसा चाललाय असं विचारलं आहेस. छान चाललाय. शाळांच्या सहली येतात, कुणाचे तरी केस उभे राहतात आणि मुलं खिदळतात. मला रोज ऐकू येतं. आई बरी आहे. तुझं नाव काढलं की तिचे गुडघे दुखायचे थांबतात.

ताई

२१ जानेवारी

प्रिय चिऊ,

मुलं खिदळतात ते "ऐकू येतं" असं मी लिहिलं होतं. तू वाचताना तिथे अडखळली नाहीस. "खेळ छान चाललाय हे वाचून बरं वाटलं" असं उलट टपाली कळवलंस आणि पुन्हा त्या ओळींची आठवण केलीस.

मला दिसत नाही, चिऊ, नुसतं ऐकू येतं. साहेबांनी "थोडे दिवस" म्हणून मला सामान ठेवायच्या खिडकीवर बसवलं होतं ना, ते थोडे दिवस अजून संपलेले नाहीत. लोकांच्या पिशव्या घ्यायच्या, बिल्ला द्यायचा, बिल्ला घ्यायचा, पिशव्या द्यायच्या. तू तिकडे गेल्यावर खेळासाठी एक नवीन जोडी घेतली. चांगल्या आहेत दोघी. माझ्याकडे बघताना जरा जपून बघतात, घरात एखादं दुखणाईत माणूस असावं तसं.

गेल्या हिवाळ्यात, त्या दिवशी, काय झालं ते तुला माहीतच आहे. पण माझ्या बाजूने ते कसं दिसलं हे तू कधी विचारलं नाहीस, म्हणून लिहिते.

तुला मी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. गोळ्याच्या पोटात पट्टा फिरतो, तो विजेचा प्रभार वर नेतो आणि गोळ्यावर टाकतो. गोळ्यावर हात ठेवून स्टुलावर उभा असलेला माणूसही तितकाच भरतो. सगळा प्रभार एका जातीचा, एकमेकांना दूर लोटणारा, म्हणून तर केस उभे राहतात. मोटर बंद केली म्हणून तो प्रभार कुठे जात नाही. कोरड्या हवेत बसून राहतो आणि जमिनीची वाट बघतो. स्टुलाचे प्लास्टिकचे पाय ती वाट अडवतात. माणसाने पाऊल खाली टाकलं की वाट उघडते, आणि ती त्या माणसातून जाते.

म्हणून आपण दोघी. एक दांडीवर, एक माणसापाशी. दांडीवालीने मोटर बंद करायची, जमिनीला जोडलेली दांडी गोळ्याला टेकवायची, चट्ट आवाज झाला की "मोकळं" म्हणायचं. ते ऐकल्याशिवाय दुसरीने माणसाला उतरवायचं नाही. माणसापाशी उभी असलेलीला आणखी एक खूण असते. केस खाली बसले की समजायचं, प्रभार गेला.

दांडी नेहमी माझ्याकडे असायची, कारण दांडीवालीच सगळं बोलते. त्या दिवशी सकाळी तू म्हणालीस, "ताई, आज बोलायचं काम मला दे ना. मोठ्या संग्रहालयाच्या बाई पहिल्या रांगेत बसणार आहेत. त्यांनी मला बघितलं तर माझं कल्याण होईल." मी दिलं. मागितलंस आणि मी दिलं नाही असं कधी झालंय?

आणि तू स्टुलावर कुणाला बोलावलंस, तर शिंपीकाकांना. बायकोला घेऊन बिचारे खेळ बघायला आलेले. डोक्यावर औषधाला केस नाही. आपण टक्कल असलेल्या माणसाला कधी घेत नाही, दाखवायला काही नसतं. पण तुला हशा हवा होता. "काका, तुमचे केस उभे राहिले तर माझी नोकरी जाईल," असं म्हणालीस, आणि सभागृह हसलं. काकाही हसले. बाई तर डोळे पुसत होत्या.

मग तू मोटर बंद केलीस. टाळ्या चालू होत्या. तू म्हणालीस, "मोकळं." चट्ट आवाज मला आला नाही. टाळ्यांत बुडाला असेल असं धरलं. केसांकडे बघायची सोय नव्हती. मी काकांना म्हटलं, उतरा.

त्यांनी पाऊल टाकलं आणि ते उडाले. उजव्या हातावर पडले. मनगट मोडल्याचा आवाज मात्र टाळ्यांतूनही आला.

केसाने गळा कापणं म्हणतात. इथे तर केसही नव्हते.

साहेबांनी आधी मला आत बोलावलं. दांडी कुणाकडे होती, असं विचारलं. मी म्हटलं, "साहेब, ते धाकटीच तुम्हाला सांगेल." मला वाटलं, तुझी चूक तुझ्या तोंडून निघाली तर तुझा मान राहील. बहिणीने चहाडी केली असं नको व्हायला. मी बाहेर आले, तू आत गेलीस. दार नीट लागलं नव्हतं. तू म्हणालीस, "दांडी नेहमी ताईकडेच असते, साहेब."

शब्दाशब्दाला खरं. म्हणून तर जास्त लागलं. खोटं बोलली असतीस तर घाबरली म्हणून सोडून दिलं असतं. हे तू विचार करून बोललीस.

मी त्या वेळी आत येऊन काही बोलले नाही. तू बाहेर येशील, माझा हात धरशील, आपण दोघी पुन्हा आत जाऊ, असं मनात होतं. तू बाहेर आलीस आणि पर्स शोधायला लागलीस.

आता माझी एकच मागणी आहे. त्या ओळी मी लिहीन. पण त्याआधी दांडी का टेकवली नाहीस ते मला खरं लिहून कळव. साहेबांना नको, मला.

ताई

४ फेब्रुवारी

चिऊ,

उत्तर आलं. "ताई, गडबडीत विसरले गं. टेकवली असंच वाटलं मला. तू मोठी आहेस, मोठ्या मनाने घे. मी एकदा कायम झाले की तुलाही इकडे बोलावून घेईन, माझ्या हाताखाली नाही, बरोबरीने." बरोबरीने हा शब्द खोडून पुन्हा लिहिलेला दिसतो.

विसरणं मला समजतं. मीही गॅस चालू ठेवून कामावर आलेली आहे. म्हणून तुझं उत्तर वाचलं, घडी घातली आणि तुझ्यावर विश्वास ठेवायचं ठरवलं. पेनही उचललं होतं. पण मग गोळ्यावरच्या दोऱ्या आठवल्या आणि माझं चित्त ठिकाणावर राहीना.

सोमवारी केंद्र बंद असतं. वायरमनला म्हटलं, जरा गोळा चालवून दे. तो म्हणाला, "ताई, साहेबांना कळलं तर माझी वाट लागेल."

"मी कशाला हात लावत नाही. नुसती उभी राहते."

"त्या दिवसापासून तुम्ही इकडे फिरकला नाहीत."

"म्हणूनच," मी म्हटलं. त्याने खिशातून किल्ल्या काढल्या. भला माणूस आहे.

मी तुझ्या जागेवर उभी राहिले. दांडीच्या बाजूला, जिथे तू उभी होतीस. गोळ्याच्या त्या अंगाला मीच लोकरीच्या दोऱ्या चिकटवल्या होत्या, प्रेक्षकांना क्षेत्ररेषा दिसाव्यात म्हणून. फळ्यावर बाण काढून मुलांना काही उमगत नाही. दोऱ्या उभ्या राहिल्या की उमगतं, की गोळ्याच्या चहूबाजूंनी काहीतरी आहे, ते बाहेरच्या दिशेला ढकलतं, आणि जवळ जावं तसा त्याचा जोर वाढतो. माणसापाशी उभी असलेलीला या दोऱ्या दिसत नाहीत, मध्ये अख्खा गोळा येतो. तिच्यासाठी केस, दांडीवालीसाठी दोऱ्या.

वायरमनने मोटर चालवली. दोऱ्या ताठ झाल्या. मग त्याने मोटर बंद केली आणि मला चहा आणून दिला. चहा निवला तरी दोऱ्या ताठच. थंडीतली कोरडी हवा, त्या दिवशी होती तशीच. शेवटी त्याने दांडी टेकवली. चट्ट झालं आणि सगळ्या दोऱ्या एकदम लोळल्या.

त्या तुझ्या नाकासमोर होत्या, चिऊ. काका स्टुलावर होते, दोऱ्या ताठ होत्या, आणि तू त्यांच्याकडे बघत "मोकळं" म्हणालीस. हे विसरणं नाही. आता तरी मला शेंडी लावू नकोस.

ताई

१६ फेब्रुवारी

चिऊ,

शेवटी लिहिलंस. एवढं तरी केलंस.

तर दांडी खुंटीवरून निसटून गोळ्याच्या बैठकीमागे गेली होती. ती काढायची तर सगळ्यांसमोर गुडघ्यावर बसून हात घालावा लागला असता. बाई तुझ्याकडे बघून टाळ्या वाजवत होत्या आणि तुला त्या टाळ्या मोडायच्या नव्हत्या. "मला वाटलं, काका जरा दचकतील, लोक अजून हसतील. झटका काही जिवावरचा नसतो, तूच सांगायचीस."

हो, मीच सांगायची. झटका जिवावरचा नसतो. स्टुलावरून पडणं जिवावरचं असू शकतं, हे पण मीच सांगायची. तू सोयीचं तेवढं लक्षात ठेवलंस.

तुझं पत्र वाचून मला काय झालं ते सांगते. आधी हायसं वाटलं. वेडी म्हण हवं तर. खरं कळलं, तेही तुझ्या हातचं, म्हणून मन हलकं झालं. म्हटलं, मागितलं होतं ते मिळालं, आता शब्द पाळायला हवा. लिहू या ओळी. पोरगी चुकली, शिकली असेल. आईलाही म्हणाले की आज लिहून टाकते.

दुसऱ्या दिवशी शिंपीकाका खिडकीपाशी आले. पिशवी डाव्या हाताने सरकवली. मी ओळखलं, त्यांनीही ओळखलं. पळून जावंसं वाटलं, पण खिडकीच्या आत पळायला जागा नसते.

"बायकोला उरलेला खेळ बघायचा होता," ते म्हणाले. "त्या दिवशी अर्धाच झाला ना."

मी हाताची चौकशी केली. मनगटात सळई घातली आहे. कापड बेततात, शिवतात, पण कात्री चालवता येत नाही. कापायला माणूस ठेवलाय. "तो चांगला कापतो हो. पण माझ्यासारखं नाही कापत," असं म्हणून हसले. मी मान खाली घातली.

मग म्हणाले, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुमची धाकटी दवाखान्यात भेटायला आली होती. फुलं घेऊन. रडली बिचारी. म्हणाली, ताईला हल्ली भान राहत नाही, घरीही असंच करते, वस्तू कुठे ठेवली ते आठवत नाही तिला. आम्ही सांभाळून घेतो, तुम्हीही सांभाळून घ्या. मी म्हटलं, जाऊ दे. वयाचं काही करता येत नाही."

त्यांनी माझ्याकडे इतक्या मायेने बघितलं की मला त्यांना बिल्लाही देता येईना.

साहेबांच्या खोलीत तू घाबरली होतीस, असं मी वर्षभर स्वतःला सांगत आले. साहेब समोर, नोकरी जायची भीती, तोंडातून काहीतरी निघून गेलं. पण दवाखान्यात तुला कुणी बोलावलं नव्हतं. काका कुणाला दोष देत नव्हते. तिथे तू फुलं घेऊन आपणहून गेलीस, आणि मला म्हातारी, विसराळू करून आलीस. तू घरी आलीस तेव्हा मी तुला विचारलं होतं, काका कसे आहेत. "बरे आहेत, तुला नमस्कार सांगितलाय," असं म्हणाली होतीस, आणि माझ्या ताटात वाढलं होतंस.

मला तुझा राग येतो. आईसमोर म्हणता येत नाही म्हणून इथे लिहिते. मला तुझा फार राग येतो, आणि तुझी आठवण आली की त्याच रागाच्या पोटात आठवण येते, दोन्ही वेगळं करता येत नाही.

ओळी लिहिल्या नाहीत.

ताई

२ मार्च

चिऊ,

आईला तू फोनवर काय सांगितलंस माहीत नाही, पण सकाळपासून ती माझ्यामागे स्वयंपाकघरात उभी होती. मी भांडी विसळत होते.

"तिचं पोट आहे त्याच्यावर," ती म्हणाली.

"माझंही होतं, आई."

"तुझं चाललंय ना? खिडकीवर का होईना, चाललंय. तिचं सगळंच जाईल." मग म्हणाली, "आपलेच दात आणि आपलेच ओठ. झाकली मूठ सव्वा लाखाची राहू दे. तू थोरली आहेस."

थोरली असणं हे काम मी जन्मापासून करते आहे. त्यातून निवृत्ती नसते. मी म्हटलं, "आई, त्या खेळात तिथे दांडी आणि माणूस, दोन्ही तिच्याकडे असणार आहे. एकटीकडे."

"मग?"

"मग स्टुलावरच्या माणसाने कुणाच्या शब्दावर उतरायचं?"

आईला दांडी माहीत नाही, गोळा माहीत नाही. पण तिने शिंपीकाकांना पाहिलंय, मीच तिला पूर्वी एकदा त्यांच्या दुकानात नेलं होतं. तिने हातातलं फडकं ओट्यावर ठेवलं. मला वाटलं समजली. मग बाहेरच्या खोलीत जाऊन तुला फोन लावायला लागली, तेव्हा कळलं की नाही.

तुझी कालची चिठ्ठीही मिळाली. "तू नाही लिहिलंस तरी चालेल, फक्त वाईट लिहू नकोस. गप्प राहा." साहेबांच्या खोलीबाहेर मी गप्पच राहिले होते, चिऊ. त्याचं काय झालं ते आपण दोघींनी बघितलं. काकांनीही बघितलं.

म्हणून आज त्यांना उत्तर लिहिलं. तुला ते दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून काय लिहिलं ते सांगते. मी तुझ्यासारखी दाराआडून बोलणार नाही.

तुझा आवाज चांगला आहे, मुलांना तू हसवतेस, प्रभार आणि क्षेत्र तुझ्याइतकं सोपं करून मलाही सांगता येत नाही, हे लिहिलं. ते खरं आहे. त्या दिवशी दांडी तुझ्याकडे होती, ती गोळ्याला टेकवली नव्हती, आणि हे माहीत असताना तू माणसाला उतरवायचा इशारा दिलास, हेही लिहिलं. तुला बोलायचं काम द्यावं, पण प्रेक्षक स्टुलावर असताना दांडी दुसऱ्याच्या हाती ठेवावी, असं माझं मत दिलं. तुझ्या कबुलीचं पत्र मी त्यांना पाठवलेलं नाही. ते माझ्यासाठी होतं, माझ्याकडेच राहील.

यात माझं नाव धुवून निघावं हा हेतू होता का, असं तू विचारशील. थोडा होता. नाही म्हणणार नाही. एका माणसाने माझ्याकडे मायेने बघावं आणि ती माया खोट्यावर उभी असावी, हे मला सहन होत नाही. काकांकडेही जाऊन आले. सगळं सांगितलं. ते बराच वेळ टेपच्या कडा नखाने सरळ करत बसले. "दोघी बहिणी ना तुम्ही?" एवढंच म्हणाले.

आई आज जेवली नाही. ती आता माझ्याशी किती दिवस बोलणार नाही, ठाऊक नाही, आणि तू तर नाहीच. ते धरूनच टपाल टाकलं.

रागाच्या भरात लिहून टाकते आहे असं होऊ नये म्हणून दोन वेळा कागद बाजूला ठेवला. राग गेला तेव्हाही मजकूर तोच राहिला, आणि हात जास्त जड झाला.

त्यांच्या पत्रासोबतच्या छापील कागदावर पहिलाच प्रश्न होता, सदर व्यक्तीशी तुमचं नातं काय. तिथे मी "सख्खी बहीण" असं लिहिलं. मग पेन खाली ठेवलं, डोळे पुसले आणि पुढचं सगळं खरं लिहिलं.

ताई